मचाणावर जागलीला थंडी वाजते? आधी बुडाखाली हात घालून बघा

मार्गशीर्ष लागला की आमच्याकडे एक प्रश्न ठरलेला. हरभरा फुलावर आलेला असतो, तुरीच्या शेंगा भरत असतात, रात्री रानडुकरं आणि रोही (नीलगायी) वावरात उतरतात आणि घरटी एक माणूस जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला, मचाणावर चढतो. चौथ्या-पाचव्या रात्रीनंतर तो मला सकाळी चहाच्या टपरीवर गाठतो. "का गा भाऊ, दोन-दोन स्वेटर घातले, वरून ब्लँकेट घेतलं, तरी हाडं वाजतात. आता काय गादी घेऊन चढू का?"

मी नागपूरजवळच्या उमरेडच्या पट्ट्यात चौदा हिवाळे जागल केली. स्वतःचं मचाण चार वेळा मोडून बांधलं. दुसऱ्यांची किती बघितली ते मोजलेलं नाही. बहुतेक ठिकाणी दोष एकच निघतो, आणि तो अंगावरच्या कपड्यांत नसतो. माणूस वरून पांघरत जातो आणि थंडी खालून येत असते. (गादीचं तो चेष्टेत म्हणाला, पण निम्मं बरोबर म्हणाला.)

पूर्वी शिकारीही अशाच मचाणांवर रात्र काढत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार बंद झाली, मचाण राखणीपुरतं उरलं. बसणाऱ्याचं दुखणं मात्र तेच आहे. वावरात पाणी देणाऱ्याला त्याच रात्री, त्याच स्वेटरमध्ये थंडी सोसते, कारण हातपाय चालले की अंग आतून तापतं. मचाणावरचा माणूस जनावराला चाहूल लागू नये म्हणून तासन् तास हलत नाही. आतली भट्टी मंद झालेली, आणि बाहेर निघून जाणारी ऊब तेवढीच.

आधी लक्षण ओळखा

"थंडी वाजते" एवढ्यावरून काही कळत नाही. कुठं वाजते आणि कधी सुरू होते, ते सांगा.

पहिला तासभर बरं वाटतं आणि मग मांड्या, ढुंगण, कंबर गार पडते: थंडी खालून येते आहे.

चढल्या चढल्या छान गरम वाटतं, अर्ध्या तासात पाठीवर गार फडकं ठेवल्यासारखं होतं: कपडे आतून ओले आहेत.

बाकी अंग ठीक, फक्त पायाची बोटं बधिर: बूट-मोजे.

मध्यरात्रीनंतर मान आणि खांदे आखडतात, पांघरूण हाताला दमट लागतं: डोक्यावर छप्पर नाही, किंवा असून गळतं आहे.

अंगावर सगळं आहे, कोरडं आहे, तरी पहाटे तीन-चारला हुडहुडी भरते: पोट रिकामं.

घरी आलात, दोन गोधड्या घेतल्या, चहा झाला, तरी दात वाजतात: तो मचाणाचा दोष नाही. पहिली तपासणी त्याचीच.

थर्मामीटर लावा

हे पहिलं, कारण याला काहीच खर्च नाही. आमच्याच आळीतल्या एका काकांच्या मचाणाला आम्ही वारा अडवायला दोन दिवस बांबूचे तट्टे ठोकत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी त्यांना दुपारी उन्हात बसून थंडी वाजायला लागली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मलेरिया निघाला. थंडी वाजून ताप, मग घाम, मग बरं वाटणं असं चक्र असेल, किंवा ताप आणि अंगावर कुठं किडा चावल्यासारखा काळा खपलीचा डाग असेल (स्क्रब टायफसमध्ये तो दिसतो), तर पुढचं काही वाचू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि रक्त तपासून घ्या.

बुडाखाली हात

रात्री दहानंतर, बसल्या जागी, तळहात मांडीखाली घाला. मग ब्लँकेटच्याही खाली, थेट बांबूवर ठेवा. दोन कांबींच्या फटीतून बोटांना वारा लागतो का? लागला तर वर कितीही घ्या, उपयोग नाही.

यात एक गंमत आहे, ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. कापडात ऊब नसते; कापडाच्या धाग्यांत अडकलेल्या हवेत असते. गोधडीवर तुम्ही बसलात की तुमच्या वजनानं ती हवा निघून जाते आणि खाली पापडासारखं कापड उरतं. तीच गोधडी खांद्यावर असती तर चारपट कामाची होती. म्हणून बुडाखाली अशी वस्तू हवी जी दबली तरी हवा सोडत नाही.

आमच्याकडे ती वस्तू फुकट आहे: धानाची तणस, म्हणजे भाताचा पेंढा. मचाणाच्या तळावर आधी युरियाची रिकामी पोती उलगडून दुहेरी अंथरायची, म्हणजे फटीतला वारा थांबतो. त्यावर वीतभर तणस. बसल्यावर ती चार बोटं उरते, तेवढी पुरते. तिच्यावर एक बारदाना, म्हणजे टोचत नाही. धानाचा भाग नसेल तर गव्हाचं काड चालतं. सोयाबीनचं कुटार चालतं, पण खाज सुटते आणि दोन दिवसांत त्याचा भुगा होतो. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल मिळाला तर तो सगळ्यात सरस. बसायच्या जागेपुरता एक तुकडा आणि पाय टेकतात तिथं दुसरा. त्यावर बसलं की करकर वाजतो आणि डुक्कर धुऱ्यावरूनच (बांधावरूनच) परत फिरतं. राखणदाराला तसं परत फिरलेलं चालतंच म्हणा.

तणस दर चार-पाच दिवसांनी उन्हात काढून झटका. ओली तणस बसायला बांबूपेक्षा वाईट. शिवाय तीत उंदीर येतात आणि उंदरांमागून साप. संध्याकाळी चढल्यावर काठीनं खालीवर करून मगच बसायचं, हात घालून नाही.

पुढचं काही करण्याआधी एवढंच करून एक रात्र बसून बघा. ज्यांना मी हे सांगितलं त्यांतले बहुतेक परत विचारायला आले नाहीत.

पाठ कोरडी आहे का

घरून निघताना माणूस सगळे कपडे घालून निघतो. सायकलवर बॅटरी, काठी, पाण्याची कॅन. दीड-दोन किलोमीटर कच्च्या रस्त्यानं जायचं. मचाणाशी पोचेपर्यंत बनियन घामानं चिकटलेलं असतं. ते सुती असतं, आणि सुती कापड ओलं झालं की त्यातली हवा जाऊन पाणी बसतं. पाणी अंगाची ऊब हवेच्या कितीतरी पटीनं लवकर ओढून नेतं. त्यात रात्रपाळीची वीज असली तर आधी मोटर चालू करून ओलित बघायचं, पँट गुडघ्यापर्यंत भिजवायची आणि तशीच घेऊन वर चढायचं.

उपाय: स्वेटर कमरेला बांधून या, थोडं कुडकुडत या. वर चढल्यावर पाच मिनिटं बसा, घाम निवू द्या, मग बनियन बदला. कोरडं बनियन आणि कोरडी पँट प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून मचाणावरच ठेवा. बनियन बदलताना जी अर्ध्या मिनिटाची शिरशिरी येते तिला लोक घाबरतात, आणि त्यापायी सगळी रात्र ओल्यात काढतात.

सर्वांत आतला कपडा सुती, बाहेरचा लोकरीचा असं असेल तर ठीक आहे. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब धरते. धनगर उगाच पावसापाण्यात घोंगडी घेऊन फिरत नाहीत. जुनी, टोचणारी का असेना, घरात घोंगडी असेल तर चकचकीत पॉलिस्टरचं ब्लँकेट घरी ठेवा आणि ती घ्या.

पायाची बोटं हलतात का

बुटात पाचही बोटं पसरता आली पाहिजेत. येत नसतील तर बूट नाही, मोजे काढा. एकावर एक दोन जोड चढवले की बूट आवळतो, रक्त बोटांपर्यंत पोचत नाही, आणि रक्त हीच तिथली शेगडी. दोन जोडांपेक्षा एक सैल जोड जास्त गरम. गमबूट चिखलासाठी चांगले, बसायला वाईट. आतला घाम बाहेर जात नाही आणि तासाभरात मोजे पिळून काढावेत असे होतात.

मी तर वर चढलो की बूट काढूनच ठेवतो. कोरडे मोजे घालतो आणि एका बारदान्याच्या पोत्यात निम्मी तणस भरून त्यात गुडघ्यापर्यंत दोन्ही पाय घालून बसतो. पहिल्या वर्षी माझा पुतण्या हसला होता. आता त्याचंही पोतं आहे, आणि ते माझ्यापेक्षा मोठं आहे. फक्त उतरायची घाई झाली तर पाय पोत्यात आहेत हे विसरू नका.

डोकं, मान, आणि वरचं आभाळ

कानटोपी आणि मफलर सगळेच घेतात, त्याबद्दल लिहीत नाही. छपराबद्दल लिहितो.

आभाळ असलेल्या रात्री थंडी कमी आणि निरभ्र चांदण्यात जास्त, हे सगळ्यांना माहीत असतं. कारण असं की जमीन, पीक, तुमचे खांदे सगळेच आपली ऊब वर सोडत असतात. ढग असले तर त्यातली बरीच परत येते, नसले तर गेली ती गेली. मचाणावरचं छप्पर म्हणजे तुमचा हक्काचा ढग. ते नसेल तर दवही थेट अंगावर पडतं.

पण नुसती ताडपत्री ताणू नका. पहाटे तिच्या आतल्या बाजूला पाणी धरतं आणि थेंब नेमका मानेवर पडतो, कॉलरच्या आत, मणक्यावरून खाली जातो. जागलीत याच्याइतकं चिडवणारं दुसरं काही नाही. ताडपत्रीखाली गवताचा थर किंवा बांबूचा तट्टा बांधा आणि तिला एका बाजूला उतार द्या. प्लास्टिकचा कागद अंगाभोवती गुंडाळून बसणारेही आहेत. वारा अडतो, खरं आहे, पण दोन तासांत आतून घामानं भिजतं आणि पुन्हा तुम्ही ओल्या बनियनच्या दोषावर येऊन पोचता.

पोट

संध्याकाळी सहाला दोन भाकरी खाऊन निघालात तर पहाटे तीनला शरीराकडे जाळायला काही शिल्लक नसतं. कुडकुडणं हीही मेहनतच आहे, तिला जळण लागतं. निघण्याआधी पोटभर आणि थोडं तेल-तुपाचं जेवा. मध्यरात्रीला गूळ-शेंगदाणे, तीनला परत मूठभर. फुटाणे चालतात. चहा थर्मासमध्ये न्या, पण सगळा एकदम पिऊ नका, कारण मग अंधारात शिडी उतरावी लागते.

मोहाच्या दारूबद्दल सरळ सांगतो. एक घोट घेतला की गरम वाटतं, कारण कातडीतल्या नसा फुलतात आणि पोटा-छातीतलं गरम रक्त कातडीकडे येतं. ते रक्त तिथं थंड होऊन परत आत जातं. म्हणजे वाटायला गरम आणि खरं तर गार. शिवाय झोप येते आणि हरभरा डुकरं नेतात.

वारा

आमच्याकडे हिवाळ्यातली बोचरी हवा बहुतेक उत्तरेकडून येते. ती बाजू आणि तिच्या शेजारची एक बाजू बसलेल्या माणसाच्या खांद्यापर्यंत तट्ट्यानं बंद करा. तट्टे नसतील तर पऱ्हाट्या किंवा तुराट्या (कापसाची किंवा तुरीची वाळकी झाडं) उभ्या बांधा, आतून पोती लावा. चारही बाजू बंद करायचा मोह आवरा. मग दिसत नाही, आणि पुढं जे लिहितो आहे त्याचाही धोका वाढतो.

बाहेरची ऊब

इथपर्यंतच्या गोष्टी केल्या असतील तर याची गरज सहसा पडत नाही. तरी सगळ्यात साधं: स्टीलच्या किंवा जाड काचेच्या बाटलीत गरम पाणी, बूच घट्ट, वरून जुना मोजा, आणि ती दोन्ही मांड्यांच्या मध्ये. पोटावर नको, मांड्यांत. तिथं मोठ्या रक्तवाहिन्या आहेत, गरम झालेलं रक्त पायापर्यंत जातं. चुलीत तापवलेली वीट गोणपाटात गुंडाळून पायाशी ठेवली तर मध्यरात्र उलटेपर्यंत टिकते. मधुमेह असणाऱ्यांनी वीट आणि बाटली दोन्ही थेट पायाला लावू नये. पाय बधिर असतो, भाजलेलं सकाळी कळतं.

शेकोटी मचाणाच्या खाली नको. वर वीतभर तणस आहे हे विसरू नका. एक ठिणगी पुरे. शेकोटी करायचीच तर वारा मचाणावरून जिकडे जातो त्या बाजूला, दहा-पंधरा पावलं दूर, चढण्याआधी शेकून घेण्यापुरती.

आणि घमेल्यात निखारे घेऊन मचाणावर किंवा झोपडीत बसू नका. कोळशाचा धूर दिसेनासा झाला, नुसता लाल निखारा उरला की माणसाला वाटतं आता काही भीती नाही. त्याच निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. पोत्यांनी बंद केलेल्या जागेत तो साचतो. निखारे असताना डोकं दुखू लागलं तर कारण शोधत बसू नका, आधी मोकळ्या हवेत या.

मोटरच्या पेटीतून वायर ओढून मचाणावर हिटर लावणारा एक बहाद्दरही मी पाहिला आहे. दव पडलेलं, जोड उघडे, हात गार आणि ओले. इथं तुमचं-माझं काम संपतं. मचाणावर वीज आणायची नाही, आणि आधीच कुणी आणलेली असेल तर स्वतः सोडवायलाही जाऊ नका, लाइनमनला बोलवा. शेजारच्या धुऱ्यावर तारेत करंट सोडलेला आहे असा संशय असेल तरीही हेच. तो गुन्हा आहे, आणि अंधारात त्यात जनावराइतकाच माणूसही अडकतो.

शेवटी मचाण

सगळं करून थंडी जात नसेल तर जागा चुकली आहे. वारा नसलेल्या रात्री थंड हवा जड होऊन खोलगट भागात पाण्यासारखी साचते. नाल्याकाठी किंवा बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाळीखाली मचाण असेल तर ते त्या थंडीत बुडालेलं असतं. तेच मचाण वावराच्या उंच टोकाला नेलं, किंवा त्याच जागी दोन हात वर उचललं, तरी फरक कळतो. शक्य असेल तर मोहाच्या किंवा आंब्याच्या झाडाखाली न्या; झाड अर्धं छप्पर देतं.

यात खर्च आहे आणि दोन दिवस जातात, म्हणून शेवटी. बल्ल्या (मचाणाचे खांब) जुन्या असतील तर जमिनीलगतच्या भागात विळ्याचं टोक खुपसून बघा. उधई (वाळवी) लागलेली बल्ली बाहेरून ठीक दिसते आणि विळा लोण्यात जावा तसा आत जातो. तशा मचाणाला डागडुजी करू नका, वर चढून तर नाहीच. सुताराला बोलवा किंवा चार माणसं जमवून नवं बांधा.

कधी थांबायचं

२९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. त्या रात्री मी मचाणावर होतो आणि पँट ओली होती. एक वाजता विडी काढली. काडेपेटी उघडली, पण बोटांना काडी धरता येईना. तीन काड्या खाली पडल्या, मला हसू आलं. मग भावाचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "तू प्यायलास का?" माझी जीभ जड झाली होती आणि मला ते कळलंही नव्हतं. तो मोटरसायकल घेऊन आला आणि मला उतरवून नेलं.

तेव्हापासून माझा नियम आहे: अंगठा करंगळीला टेकवता येत नसेल, बोलणं अडखळत असेल, किंवा शब्द आठवत नसतील, तर जागल संपली. हरभरा गेला तर गेला. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हे सुरू होतं. अशा वेळी जोरात कुडकुडणारा माणूस अचानक शांत झाला तर ते बरं होणं नव्हे, जास्त बिघडणं आहे. ताबडतोब १०८ ला फोन करा. तोवर त्याला वाऱ्याबाहेर आडवा करा, ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, डोकंही झाका. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गोड, कोमट काहीतरी द्या. हातपाय चोळू नका, आगीजवळ नेऊन शेकू नका, दारू देऊ नका.

छातीत दुखणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंडीतही दरदरून घाम: हे "गारठ्यानं धरलं" म्हणून सोडू नका, तोच १०८. दर थंडीत बोटं पांढरी, मग निळी पडत असतील, किंवा विडी ओढणाऱ्याचा एकच पाय कायम गार राहत असेल, तर सकाळी डॉक्टरांना दाखवा. तिथं तणस कामाची नाही.

जंगलालगतच्या वावरात वाघाचे ताजे माग दिसले तर शेकोटी पेटवायला किंवा लघवीलाही एकट्यानं उतरू नका. वनरक्षकाला कळवा, किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. त्या रात्री उतरवून न्यायला दोन-तीन माणसं आणि मोठा उजेड मागवा.

उतरण्याचं एवढंच राहिलं. रात्रभर बसून गुडघे लाकूड झालेले असतात आणि शिडीच्या पायऱ्यांवर दव असतं. मी पाहिलेले बहुतेक अपघात थंडीनं नाही, सकाळी सहाला उतरताना झालेले आहेत. पोत्यातून पाय काढा, बूट घाला, दहा मिनिटं बसल्या जागीच घोटे फिरवा, मुठी उघडझाप करा. काठी, थर्मास आणि बॅटरी आधी दोरीनं खाली सोडा. मग शिडीकडे तोंड करून, दोन्ही हात मोकळे ठेवून उतरा.